रिटायर झालात? आता वस्तीतल्या वडीलधाऱ्यांचे फोटो काढा

नोकरी सुटली की पहिले दोन-तीन महिने बरे जातात. सत्कार होतो, शाल मिळते, ग्रॅच्युइटीच्या पैशातून घरावर स्लॅब पडतो किंवा पोरीचे लग्न निघते. मग एक सकाळ अशी येते की उठून कुठेच जायचे नसते. रेल्वेत, वीज मंडळात, ऑर्डनन्स फॅक्टरीत, महानगरपालिकेत, शाळेत तीस-पस्तीस वर्षे घड्याळावर चाललेला माणूस पानठेल्यावर किंवा टीव्हीपुढे बसू लागतो. वजन वाढते, शुगर वाढते, रात्री झोप येत नाही आणि दिवसा डुलक्या लागतात. चिडचिड होते. घरचे म्हणतात, बाबा पहिल्यासारखे राहिले नाहीत. यातले सगळेच वयामुळे होत नाही. बरेचसे रिकामेपणामुळे होते.

बाईचे गणित वेगळे. नर्सबाई असो, शिक्षिका असो की अंगणवाडी सेविका, ती निवृत्त होते ती कामाच्या ठिकाणाहून. चूल, नातवंडे आणि आजारपणे तिच्याकडेच राहतात, उलट वाढतात. तिच्याकडे रिकामा वेळ नसतो, पण स्वतःचा म्हणावा असा वेळही नसतो. म्हणून पुढे जे सांगितले आहे ते फक्त बाबांसाठी नाही, आईसाठी आणि आजीसाठीही आहे. तिला रोज अर्धा-पाऊण तास मिळावा, ही जबाबदारी घरातल्या बाकीच्यांची.

या पानावर बहुतेक वेळा गोळ्या, तपासण्या आणि पथ्यपाण्याचे असते. या वेळी एका छंदाचे सांगायचे आहे: फोटो काढण्याचे. छंद म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या बंगलेवाल्यांची चैन, असे आपल्याकडे वाटते. पूर्वी ते खरेही होते. कॅमेरा महाग, रोल महाग, धुवायचा खर्च वेगळा. छत्तीस फोटोंचा रोल लग्नापासून बारशापर्यंत पुरवायचा. आता बहुतेक घरांत एक तरी स्मार्टफोन आहे आणि त्यातला कॅमेरा पुरेसा आहे. हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे, कारण निवृत्तीचे पैसे हातात असताना महागडा कॅमेरा हप्त्यावर गळ्यात मारणारे खूप भेटतात. पहिले वर्षभर काहीही विकत घेऊ नका.

आता हा छंदच का? भजन, पत्ते, बागकाम यांनीही मन रमते. फरक असा की फोटोग्राफीत काहीतरी कठीण शिकावे लागते. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस केंद्रात डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. साठ ते नव्वद वयाच्या दोनशेहून अधिक लोकांचे गट पाडले. काहींना डिजिटल फोटोग्राफी आणि संगणकावर फोटो सुधारणे शिकवले, काहींना कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवायला शिकवले, काहींना दोन्ही. एका गटाने एकत्र जमून गप्पा, सहली, खेळ केले. आणखी एका गटाला घरी बसून गाणी ऐकणे, शब्दकोडी सोडवणे अशी सोपी कामे दिली. आठवड्याला साधारण पंधरा तास, असे तीन महिने चालले. शेवटी तपासले तेव्हा नवे कौशल्य शिकलेल्यांची स्मरणशक्ती सुधारलेली आढळली, आणि फोटोग्राफी शिकलेल्यांत ते जास्त ठळकपणे दिसले. नुसत्या गप्पा-सहलीच्या गटात तसे झाले नाही. गप्पा वाईट नाहीत, पण मेंदूला घाम फुटेल असे काही त्यात नव्हते.

याचा अर्थ फोटो काढल्याने विसरभोळेपणाचा आजार टळतो असा घेऊ नका. तसे या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. शिवाय आठवड्याला पंधरा तास म्हणजे चांगली मेहनत झाली. दिवसातून एक सेल्फी काढून तो फायदा मिळणार नाही.

दुसरा एक अभ्यास उलटा इशारा देतो. लिंडा हेन्केल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवले. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारले तर ज्यांचे फोटो काढले त्याच वस्तू कमी आठवत होत्या. फोनने बघितले, मग डोक्याने कशाला बघायचे, असे झाले. पण ज्यांनी वस्तूचा एखादा भाग जवळ घेऊन फोटो काढला, त्यांना ती वस्तू चांगली आठवत होती, फोटोत न आलेला भागसुद्धा. म्हणजे भराभर क्लिक करणे वेगळे आणि थांबून, निवडून फोटो काढणे वेगळे. आधी डोळ्यांनी बघा. प्रकाश कुठून येतो आहे, मागे काय दिसते आहे, हे पाहा. एक श्वास घ्या, सोडा, मग बटन दाबा. विपश्यनेला बसणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

वय झाले, आता काय शिकणार, असे म्हणणाऱ्यांना किमिको निशिमोतो या जपानी आजीबद्दल सांगावे. १९२८ साली जन्मलेल्या या बाईंनी कॅमेरा हातात धरला तो वयाच्या बहात्तराव्या वर्षी, स्वतःच्या मुलाच्या फोटोग्राफीच्या वर्गात बसून. दहा वर्षांनी, ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांच्या फोटोंचे पहिले प्रदर्शन कुमामोतो शहरात भरले. त्यांचे गाजलेले फोटो स्वतःचेच आहेत आणि हसवणारे आहेत. एकात त्या कचऱ्याच्या पिशवीत शिरून बसल्या आहेत. म्हातारपणी आपण कचऱ्यासारखे फेकले जातो, या दुःखाची त्यांनी स्वतःच थट्टा केली. २०२५ मध्ये, सत्त्याण्णव वर्षांच्या होऊन, त्या गेल्या. पोराच्या हाताखाली शिकायला त्यांना लाज वाटली नाही, हे आपल्याकडच्या बाबा लोकांनी विशेष ध्यानात घ्यावे. नातवाला म्हणा, शिकव रे बाबू. तो दोनदा चिडेल, तिसऱ्यांदा शिकवेल.

सकाळचे ऊन आणि पायांची कसरत

फोटोसाठी चांगला प्रकाश आणि चालण्यासाठी चांगली हवा या दोन्ही गोष्टी नागपुरात एकाच वेळी मिळतात, सकाळी. हिवाळ्यात पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवतो. त्यानंतरच्या तासाभरात ऊन तिरपे आणि पिवळसर असते, चेहऱ्यावर मऊ पडते. दुपारी बाराचे ऊन वरून पडते, डोळ्यांच्या खोबणीत सावली भरते आणि धडधाकट माणूसही आजारी दिसतो. मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला तर सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावलीसुद्धा पडत नाही. त्या दिवशी नातवंडांना घेऊन अंगणात सरळ उभ्या केलेल्या काठीचा फोटो काढा, शाळेत न कळलेला भूगोल कळेल. ढग असले तर मात्र पुढल्या वर्षीची वाट पाहावी लागेल.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्याला किमान दीडशे मिनिटे दमात चालण्यासारखा व्यायाम हवा, आणि पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचा व्यायामही आठवड्यातून तीन दिवस हवा. नुसते चाला म्हटले तर चार दिवसांत कंटाळा येतो. आज अंबाझरीवर पाणकावळे बघायचे, उद्या फुटाळ्यावरची सकाळ, परवा गांधीसागरच्या काठावरचे लोक, शनिवारी संत्र्यांनी भरलेली गाडी, असे काही ठरवले की पाय आपोआप निघतात. लांब जायला पैसे नसतील तर आपली गल्लीच पुरे. एकाच कडुनिंबाचा वर्षभर, दर आठवड्याला, एकाच जागेवरून फोटो काढून बघा. पानगळ, नवी पालवी, मोहोर, निंबोळ्या. बावन्न फोटो एकापुढे एक ठेवले की काय दिसते ते करणाऱ्यालाच कळेल. पक्षी हवे असतील तर खंड्या, वेडा राघू, भारद्वाज, टिटवी आपल्या तलावांच्या काठी भेटतात. फोनमध्ये ते ठिपक्याएवढे येतात, ही खंत राहील. पण ओळखायला शिकण्याचा आनंद त्याने कमी होत नाही.

एक सूचना. फोटो काढून झाल्यावर तर्री-पोह्यांच्या ठेल्याकडे पाय वळतात. शुगर-बीपीवाल्यांनी तिथला फोटो काढावा आणि पुढे चालावे.

मार्च ते जून हा वेगळा विषय आहे. पारा पंचेचाळीसवर जातो, आणि साठीनंतर तहान उशिरा लागते. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि अंगातले पाणी आणखी कमी होते. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत घरी यायचे. डोक्याला दुपट्टा, पिशवीत पाण्याची बाटली, घरी आल्यावर पन्हे किंवा ताक. चक्कर, मळमळ, घाम थांबून अंग तापणे, बडबड सुटणे ही ऊन लागल्याची लक्षणे आहेत. माणसाला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंग ओले करून वारा घाला आणि उशीर न करता दवाखान्यात न्या. उन्हाळ्यात बाहेरचे फोटो बंद ठेवून घरातले काम करायचे. ते पुढे येते.

चालताना फोन खिशात. हा नियम मोडला की पडणे ठरलेले, कारण आपल्या गल्ल्यांत उघडी गटारे आहेत, गिट्टी पडलेली असते, वरून दुचाक्या. आधी थांबा, दोन्ही पाय नीट टेकवा, मग फोन काढा. स्क्रीनमध्ये बघत मागे-मागे सरकू नका. या वयात खुब्याचे हाड मोडले तर महिनोन्‌महिने खाटेवर जातात. खालून फोटो हवा असेल तर गुडघ्यांवर बसायची गरज नाही. फोन उलटा धरून, कॅमेऱ्याची बाजू खाली करून, हात खाली न्या. हात थरथरत असतील तर दोन्ही कोपरे बरगड्यांना चिकटवा, भिंतीला टेका, आणि स्क्रीनवर बोट मारण्याऐवजी आवाज वाढवायचे बटन दाबा. बहुतेक फोनमध्ये त्याने फोटो निघतो. हात मांडीवर निवांत ठेवलेला असतानाही थरथरत असेल आणि हे नवीनच सुरू झाले असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांचेही असेच. तुम्हाला सगळे फोटो पुसट दिसतात आणि नातू म्हणतो स्वच्छ आले आहेत, तर दोष फोनचा नाही. रंग पिवळट दिसणे, रात्री गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसणे ही मोतीबिंदूची लक्षणे असू शकतात. मेडिकलमध्ये किंवा मेयोत तपासून घ्या, सरकारी दवाखान्यांत मोतीबिंदूचे ऑपरेशन मोफत होते. शुगर असलेल्यांनी काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासायचा.

फोटो पुसट येण्याचे आणखी एक अस्सल नागपुरी कारण आहे. शर्टाच्या खिशात फोन आणि शेजारी खर्र्याची पुडी. काचेवर तेलकट थर बसतो आणि मऊ सुती कापडाने पुसला की फोटो सुधारतो. पण पुडीचा खरा हिशेब काचेवर नाही, तोंडात आहे. ज्याचा फोटो काढत आहात त्याला मोकळे हसायला सांगा. तोंड पुरते उघडत नसेल, तीन बोटे उभी मावत नसतील, तिखट झोंबत असेल, तर त्याला शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन जा. ही कॅन्सरच्या आधीची अवस्था असू शकते.

पुण्यानुमोदनाला लावायचा फोटो

आता खरा मुद्दा. आपल्या वस्तीत कुणी गेले की पहिल्या रात्री घरातली पोरे फोन चाळत बसतात. पुण्यानुमोदनाला फोटो लावायचा असतो आणि सापडत नाही. मग कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीच्या फोटोतून आजीचे डोके कापून काढतात. स्टुडिओवाला ते मोठे करतो, मागे निळे आभाळ चिकटवतो, दुसऱ्याच कुणाचे लुगडे जोडतो. पुढची पन्नास वर्षे भिंतीवर तोच चेहरा राहतो. नाक कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नाही. जिने आयुष्यभर विड्या वळल्या, पोरांना शिकवले, १४ ऑक्टोबर १९५६ ला आईच्या कडेवर बसून का होईना पण दीक्षाभूमीवर हजर होती, तिचा एकही धड फोटो घरात नाही.

त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले पोर आज ऐंशीच्या आसपास आहे. पांढऱ्या लुगड्यांसाठी झालेली धावपळ, मैदानावरची गर्दी, घरी परतल्यावर कोनाड्यातून काढलेले देव, हे डोळ्यांनी बघितलेली माणसे इंदोऱ्यात, पाचपावलीत, रामबागेत अजून आहेत, आणि दरवर्षी कमी होत आहेत. निवृत्त माणसाकडे वेळ आहे, फोन आहे, आणि या सगळ्यांना तो नावाने ओळखतो. बाहेरून येणाऱ्या पत्रकाराकडे यातले पहिले दोनच असतात.

काम साधे आहे. महिन्याला दोन घरे धरा. आधी जाऊन सांगून या, म्हणजे आजी केस विंचरून, आवडते पातळ नेसून बसतील. बाबासाहेबांचे फोटो आठवा. कोट, टाय, पेन, पुस्तके. आपण कसे दिसावे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, हे त्या फोटोंतूनही कळते. खिडकीजवळ किंवा दाराच्या आत, ऊन थेट अंगावर येणार नाही पण उजेड चेहऱ्याच्या एका बाजूला पडेल असे बसवा. फ्लॅश नको. फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. वरून काढलेल्या फोटोत माणूस लहान दिसतो. फार जवळ जाऊ नका, नाक मोठे येते. दोन पावले मागे राहा आणि झूम थोडा वाढवा. मग बोला. त्यांचे माहेर कुठले, पहिली नोकरी किती पगाराची, कुणाबरोबर दीक्षाभूमीवर गेले. बोलताना चेहरा मोकळा होतो, तेव्हा बटन दाबा. पहिले दहा फोटो पासपोर्टसारखे ताठ येतील, ते येऊ द्या. एक फोटो नुसत्या हातांचा घ्या.

यात ज्यांचा फोटो निघतो त्यांचीही तब्येत सुधारते. कित्येक वृद्धांशी दिवसातून चार वाक्येसुद्धा कुणी बोलत नाही. गोळी घेतली का, जेवली का, एवढेच. तासभर कुणी त्यांचे आयुष्य ऐकतो आहे, याने रात्रीची भूक आणि झोप दोन्ही बरी होतात, हे त्यांच्या सुनांना विचारा.

फोनमधले चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारे फिल्टर बंद करा. ब्यूटी असे काही लिहिलेले असेल तर ते शून्यावर आणा. हे नुसते आवडीनिवडीचे नाही. रंगीत रोलच्या काळात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी गोऱ्या बाईचा फोटो असलेले कार्ड प्रयोगशाळांना देत असे. तिच्या कातडीचा रंग बरोबर आला की रंग बरोबर, असा हिशेब. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात हरवत. रोलमध्ये सुधारणा झाली तीही मुख्यतः चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला तपकिरी रंग नीट येत नाही अशी तक्रार केल्यावर. आता फोन चांगले झाले आहेत, तेव्हा आजीच्या सुरकुत्या आणि तिचा रंग तसाच येऊ द्या.

दीक्षाभूमीवर किंवा कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला घरच्यांचा फोटो काढला की मागची इमारत छान आणि माणसे काळवंडलेली, असे का होते, हेही इथेच सांगतो. मागे पांढरा स्तूप आणि उजळ आभाळ असते. कॅमेऱ्याला वाटते उजेड फार आहे, म्हणून तो सगळेच गडद करतो. स्क्रीनवर चेहऱ्याच्या जागी बोट ठेवा, बाजूला छोटा सूर्य दिसेल, तो वर सरकवा. आभाळ थोडे उडेल, पण माणसे दिसतील. आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत फोटोसाठी थांबू नका, रेटारेटीत वृद्ध माणूस आधी पडतो. आदल्या दिवशी सकाळी जा. गावोगावची माणसे मुक्कामाला आलेली असतात, पुस्तकांचे स्टॉल उघडत असतात. फोटो तिथे जास्त चांगले मिळतात.

विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. दवाखान्यातल्या खाटेवरचा, दारू प्यालेल्याचा, रडणाऱ्या बाईचा, उघड्या पोरांचा तर नाहीच. काढलेला फोटो त्या घराला विचारल्याशिवाय व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही. अकोल्यात जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारातली, कचऱ्यातली ती माणसे वर्षानुवर्षे कुणी बघत नव्हते. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो कुठे मिळाले तर बघा. घाण दिसते, पण त्या माणसाची नजर आधी दिसते.

उन्हाळ्यातले घरातले काम म्हणजे जुने फोटो. पत्र्याच्या पेटीत, गादीखाली, फ्रेममागे दडलेले. मोर्च्याचे, समता सैनिक दलाचे, वसतिगृहाचे, एम्प्रेस मिलच्या गेटसमोरचे. दोन पावसाळ्यांत बुरशी लागते आणि ते जातात. एका माणसाने वेळेवर कॅमेरा लावल्याने काय वाचते ते आपल्याला माहीत आहे. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, ती नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून चित्रित करून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला दिसते.

जुना फोटो टेबलावर सपाट ठेवा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, फोन वरून बरोबर समांतर धरा. फ्लॅश लावला तर मधोमध पांढरा डाग येतो. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, फाटेल. काचेसकटच काढा, आणि चमक येत असेल तर स्वतःच्या मागे काळी चादर धरून कुणाला तरी उभे करा. ओल्या कापडाने पुसू नका. लॅमिनेशन तर करूच नका, त्यातून फोटो पुन्हा निघत नाही. फोटोच्या मागचाही फोटो घ्या, तिथे कधी स्टुडिओचा शिक्का, कधी तारीख असते. मग तो फोटो घेऊन वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा आणि विचारा, यातला हा कोण, तो कोण. सांगितलेली नावे वहीत लिहा, डावीकडून उजवीकडे. हीच वही काही वर्षांनी फोटोइतकी मोलाची होते.

फोन हरवतो, पाण्यात पडतो, नातू गेमसाठी जागा करायला सगळे पुसून टाकतो. म्हणून महिन्यातून एकदा सगळे फोटो दुसऱ्या ठिकाणी उतरवा. मुलाच्या संगणकावर चालेल, मेमरी कार्डवर चालेल, दोन्हीकडे असतील तर उत्तम. आणि निवडक दोन-चार फोटोंचे प्रिंट काढा. एक ज्याचा फोटो त्याला नेऊन द्या, एक आपल्याकडे ठेवा. मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, नाव, वस्ती आणि साल लिहा. बॉलपेनने लिहिले तर पुढच्या बाजूला वळ उमटतात.